एकशे सतरा नंबरचा कॅन

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या दूध संघाचे चेअरमन माननीय विजयसिंह सरनोबत साहेब. प्रमुख पाहुण्या डॉक्टर आदिती मगदूम. व्यासपीठावरील संचालक मंडळी, सर्व अधिकारी, डॉकवरचे माझे सोबती, गावोगावच्या दूध संस्थांचे सेक्रेटरी आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो. आणि तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसलेल्या, आजऱ्याकडच्या झुंबरबाई पोवार. त्यांचं नाव पत्रिकेत नाही. मी ते वेगळं घेतो, कारण आज जे बोलणार आहे ते त्यांच्याच सांगण्यावरून.

माझ्या आधी तीन जण बोलले आणि तिघांनीही माझ्या नाकाचं कौतुक केलं. आकाराम खोतांच्या नाकापुढं मशीन फिकं, असंही एकानं सांगून टाकलं. मला कळेना, सत्कार माझा चाललाय की नाकाचा. फेटा मात्र डोक्यालाच बांधलाय, आणि तो माझे डॉकवरचे जोडीदार हंबीररावांनी असा आवळलाय की मी फार लांबवणार नाही. काळजी करू नका, रश्श्याचा वास मलाही येतोय.

नव्या पोरांना माझं काम माहीत नसेल. आता गावातच कूलर बसले, टँकरनं थंड दूध येतं, मशीन आकडा सांगतं. आमच्या वेळी कॅन यायचे. डॉकवर, म्हणजे ट्रक जिथं रिकामे होतात त्या फलाटावर, हंबीरराव झाकण उघडणार, मी वाकून वास घेणार आणि संस्थेचा नंबर घेऊन मोठ्यानं ओरडणार. ‘चौदा, पास!’ ‘बावन्न, पास!’ दूध आंबलेलं वाटलं की ‘परत!’ परत म्हटलं की त्या कॅनमध्ये निळा रंग टाकायचा, म्हणजे तेच दूध कुणी दुसरीकडून पुन्हा घालू नये. तो निळा कॅन त्याच ट्रकनं गावात परत जायचा आणि अख्खं गाव बघायचं. कॅनला दोन-तीन सेकंद मिळायचे. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. पण माझ्या शब्दावर कुणी नमुना मागितला नाही. का मागतील? खोतांचं नाक!

आता खरं सांगतो. या कामाची शेवटची नऊ वर्षं सोडली, तर त्याआधीची दोन वर्षं या नाकाला काडीचा वास येत नव्हता.

अध्यक्ष महोदय, आपण चमकलात. बसून घ्या, अजून बरंच आहे.

मी बावीस वर्षं दारू प्यायलो. डॉकवर कधी पिऊन आलो नाही, याचा मला मोठा अभिमान होता. ड्यूटी सुटली की मात्र थेट बार. सुरुवातीला शनिवारी, मग शनिवार रोजच यायला लागला. शरीर सांगत होतं. सकाळी दात घासताना कोरड्या उलट्या व्हायच्या. तोंड सुजलेलं असायचं, बोटं थरथरायची. फॅटच्या टेस्टला काचेच्या नळीत ॲसिड ओतायचं असतं, ते मी हंबीररावांवर ढकलायला लागलो, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून. रात्री पडलो की झोप लागायची, पण तीनला टक्क जाग. हे सगळं चालतंय असं मी धरून चाललो होतो.

एका रविवारी आमच्या मंडळींनी गॅसवर दूध ठेवलं आणि त्या शेजारी हळदीकुंकवाला गेल्या. मी स्वयंपाकघराला पाठ करून पेपर वाचत बसलो होतो. त्या धावत आल्या तेव्हा पातेलं काळं झालेलं, घर धुरानं भरलेलं. म्हणाल्या, “अवो, दूध करपून कोळसा झालं, आन् तुमी हितंच बसलाय? तुमच्या नाकाला झालंय काय?” मी म्हटलं, सर्दी आहे. ती सर्दी मी दोन वर्षं सगळ्यांना सांगितली.

आता तुम्ही म्हणाल, वास येत नव्हता तर डॉकवर काय करत होतास? तेच सांगायला उभा राहिलोय. मी अंदाजानं ‘पास’ म्हणत होतो. पण रोज सगळंच पास केलं तर उद्या कुणीतरी म्हणेल, खोत वास घेतात की नुसते वाकतात? म्हणून अधूनमधून एक कॅन परत करायचो. नाक चालू आहे हे दिसावं म्हणून. आणि परत कुणाचा करायचा? जयसिंगपूरकडच्या संस्थेचा केला तर सेक्रेटरी मोटारसायकलवरून भांडायला यायचा. गडहिंग्लजचा केला तर संचालकांचा फोन. एकशे सतरा नंबरची संस्था नवी होती. बायकांनी चालवलेली, आजऱ्याच्या पलीकडं आत वाडीवर, ट्रक शेवटी पोचणारा. तिथून भांडायला कुणी येत नव्हतं. मी एकशे सतरा परत करायचो.

किती वेळा, ते मी सांगू शकत नाही. झुंबरबाई सांगू शकतील. त्या या संस्थेच्या सेक्रेटरी होत्या.

त्यांनी कॅन दोनदा उकळत्या पाण्यानं धुवायला सुरुवात केली. एकदा त्या पाण्यानं हात भाजला. प्रत्येक घरी जाऊन गोठा बघितला. तरी निळा कॅन येतच राहिला. गावात त्यांच्या संस्थेला ‘निळी संस्था’ म्हणायला लागले आणि झुंबरबाईंना ‘निळीबाई’. पुढं पुढं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे.

एके दिवशी त्या स्वतः एसटीनं इथं आल्या. हातात सकाळच्या दुधाची बाटली. सरळ डॉकवर चढल्या आणि म्हणाल्या, “पावणं, आमच्या दुधाला रोज नाव ठेवताय न्हवं? ह्ये बगा. वास घ्या आन् सांगा, ह्यात काय वंगाळ हाय?” मी बाटली नाकाशी धरली. पाण्याचा वास यावा तेवढाही वास आला नाही. हंबीरराव बघत होते, ट्रकवाले बघत होते. मी म्हटलं, “आंबूस आहे.” झुंबरबाईंनी बाटली माझ्या हातातून घेतली, स्वतः वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि उभ्या उभ्या सगळी बाटली पिऊन टाकली. पदरानं तोंड पुसलं आणि स्टँडकडं गेल्या. तीन महिन्यांनी त्यांना सेक्रेटरीपद सोडावं लागलं.

त्या संध्याकाळी मी दारू सोडली असं ऐकायला बरं वाटलं असतं. नाही सोडली. उलट जास्त प्यायलो.

दारू सुटली ती आपल्या संघाच्या आरोग्य शिबिरामुळं. डॉक्टर मगदूम तेव्हा नुकत्या शिकून आल्या होत्या. त्यांनी पोट दाबून बघितलं, रक्त काढलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. लिव्हरचा एक आकडा साठच्या आत लागतो, माझा तीनशे बारा. ब्लडप्रेशर एकशे सत्तरवर. त्या म्हणाल्या, “काका, हे असंच चाललं तर रिटायरमेंटचा हार फोटोला घालावा लागेल.” मी विचारलं, “डॉक्टर, नाक परत येईल का?” त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. लिव्हर सोडून हा माणूस नाकाचं विचारतोय! म्हणाल्या, “खात्री देत नाही. पण दारू सुटली तर बऱ्याच जणांना थोडाफार वास परत येतो.” मी नोकरीच्या भीतीनं सोडली. दुसरं कुठलंही मोठं कारण देणार नाही.

इथं एक सांगतो, पोरांनी नीट ऐका. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकदम आणि एकट्यानं सोडू नका. मी काय ऐकणारा? घरीच बंद केली. तिसऱ्या दिवशी हात असे हलायला लागले की चहाचा कप तोंडापर्यंत जाईना आणि भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या. भिंतीवर मुंगी एकही नव्हती. पाच दिवस दवाखान्यात काढले. अशा वेळी माणूस दगावतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा ज्याला सोडायची आहे त्यानं आधी डॉक्टर गाठा, शूरपणा दाखवू नका.

त्यानंतर काय काय झालं? कोरड्या उलट्या पंधरा दिवसांत थांबल्या. महिन्याभरानं एकदा पहाटे पाचला जाग आली आणि मी घाबरलो, रात्रभर सलग झोपलो कसा म्हणून. छातीतली जळजळ गेली, पट्ट्याला आतल्या बाजूला दोन नवी भोकं पाडावी लागली. ब्लडप्रेशर एकशे चौतीसवर आलं, गोळी आहे, पण एकच. सहा महिन्यांनी लिव्हरचा आकडा बावन्न. तो कागद मंडळींनी देव्हाऱ्याशेजारी ठेवला, मी काढला तर पुन्हा ठेवला. ॲसिडची नळी मी परत माझ्या हातात घेतली आणि थेंब सांडला नाही. सगळंच भरून आलं असं मात्र समजू नका. पायाच्या बोटांना अजून मुंग्या येतात आणि गेलेले दोन दात गेलेच. आज सकाळी एकानं विचारलं, “खोत, पार्टी वली का सुकी?” म्हटलं, तांबडा-पांढरा रस्सा वलाच असतोय की, भरपूर पी.

नाक सगळ्यात उशिरा आलं. सातव्या महिन्यात. सकाळचे ट्रक लागले होते. हंबीररावांनी झाकण उघडलं, मी सवयीनं वाकलो आणि मला लसूणघासाचा वास आला. म्हशीनं लसूणघास खाल्ला की दुधाला येतो तो. मी तसाच वाकलेला राहिलो. हंबीरराव म्हणाले, “काय झालं, परत का?” मी म्हटलं, “न्हाय. पास, पास.” डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते बाहीला पुसलं. त्या दिवशी मी प्रत्येक कॅनवर गरजेपेक्षा जास्त वेळ लावला. शेवटचा ट्रक आजऱ्याचा. एकशे सतराचं झाकण उघडलं. स्वच्छ, गोड दूध. किंचित धुराचा वास, कारण त्या वाडीवर चूल आणि गोठा एकाच छपराखाली. बाकी काही नाही. तेव्हा मला पुरतं कळलं की मी काय केलंय.

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी एकशे सतरा एकदाही विनाकारण परत केला नाही. पण बोललो नाही. नऊ वर्षं. ब्लडप्रेशर तपासलं, साखर तपासली, लिव्हर तपासलं आणि हे एक तेवढं दडवून ठेवलं. भ्यालो होतो, दुसरं काय?

मागच्या महिन्यात एसटीनं आजऱ्याला गेलो आणि तिथून पुढं वाडीवर चालत. झुंबरबाई अंगणात शेणकूट थापत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले. हातातलं शेणकूट थापून पुरं केलं. मग म्हणाल्या, “दारू सोडलीस, ब्येस झालं बाबा. तुजं अंग बरं झालं. माजं नाव कुटं बरं झालं? मला एकटीला सांगून काय उपेग? त्या डॉकवरच्या मान्सांम्होरं सांग की.”

म्हणून आज सांगितलं. हंबीरराव, झुंबरबाई बाटली घेऊन आल्या त्या दिवशी तुम्ही डॉकवर होता. एकशे सतराच्या दुधाला काही झालेलं नव्हतं. संस्थेच्या बायका स्वच्छ होत्या, त्यांची सेक्रेटरी स्वच्छ होती. खराब होतं ते माझं नाक, आणि त्याहून खराब ते लपवणं. चेअरमन साहेब, माझी एक विनंती आहे. त्या दोन वर्षांतलं एकशे सतरा नंबरचं दूध चांगलं होतं, असं एक पत्र संघाच्या शिक्क्यानं त्यांच्या गावात जावं आणि चावडीवर वाचलं जावं. खाली माझी सही घ्या. त्यावर माझ्यावर काही कारवाई करायची असेल तर तीही करा, मी कोल्हापुरातच आहे.

डॉक्टर मगदूम, तुमचे आभार. तुम्ही हात धरला नसता तर हे कबूल करायलाही मी उरलो नसतो. आमच्या मंडळी मागच्या दाराशी उभ्या आहेत, त्यांचे आभार मी घरी मानीन, इथं मानले तर लाजतील. डॉकवरच्या सगळ्यांनी मला पस्तीस वर्षं सांभाळून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, तर ते आपण पोटात घालावं. जे केलं ते मात्र पोटात घालू नका. ते झुंबरबाईंचं आहे, त्या ठरवतील.

आता शेवटचं. डॉकवर माझ्याकडून एक आरोळी राहिली होती, ती देतो आणि बसतो. एकशे सतरा, पास.

काय म्हणता, झुंबरबाई? ऐकू आलं नाही? बरोबर आहे, परत करताना मी यापेक्षा मोठ्यानं ओरडायचो. माईकवाले, आवाज वाढवा जरा. अजून वाढवा.

एकशे सतरा! पास!