दामूसरांचा वर्ग

पालघर स्टेशनबाहेर सातपाटीच्या बसला रांग होती. दामूसर वारले, आता त्यांचा चित्रकलेचा वर्ग बंद होणार, असं ऐकून बेटेगावची ठमी धास्तावून निघाली होती. त्याच वर्गात ती घडली होती. रांगेत तिच्यापुढे सातपाटीच्या दोघी बोलत होत्या.

“सरांची ओटी भाड्यानं देणार म्हनं?”

“नाय गो. चाळीस वर्सं सरांनी तिथं पोरं शिकवली. सरांची बायको वत्सलावयनी म्हनते, वर्ग चालूच ठेवायचा.”

“मग शिकवणार कोन?”

“सरच सांगून गेले. बेटेगावची ठमी हाय, तिच्याकडं द्या म्हनून. तिला निरोप धाडायचाय.”

“ती नाय आली तर?”

ठमीच्या जिवात जीव आला.

“आलीय, मावशी,” ती मागून म्हणाली. “तुमच्यासंगच चढते.”