पणजोबांचे पिस्तूल

देवापुढे खोटे बोलणाऱ्याला शिक्षा कोण करते, ठाऊक आहे तुला?

नॉटिंगहॅमचा माझा डॉक्टर मित्र वसंता मुलीच्या सासूबाईंना सांगून बसला, की आमच्याकडे पणजोबांचे निकामी केलेले पिस्तूल आहे. विहीणबाई म्हणाल्या, "मग खंडेनवमीला शस्त्रपूजेलाच येते."

जुन्या बाजारात वीस पौंडांच्या आत तीन पिस्तुले होती. वसंताने सर्वांत रुंद नळीचे उचलले.

मी म्हटले, "देवापुढे खोटे मांडू नकोस."

"अरे, नळी जितकी मोठी, तितके पणजोबा मोठे."

पूजा झाली. गंध, फूल, अक्षता, सारे यथासांग. विहीणबाईंनी विचारले, "चाप चालतो का हो अजून?" वसंताने अभिमानाने ओढला. नळीतून वीतभर ज्योत निघाली. तो सिगारेट पेटवण्याचा लायटर होता.

"पणजोबा विडी ओढत असावेत," विहीणबाई म्हणाल्या.

वसंताच्या पत्नी सुमतीवहिनींनी लायटर उचलला, पाटावर विळी ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हे आपल्या घराण्याचे शस्त्र. आज त्याला विश्रांती. उद्या तुम्ही चालवून दाखवा."

दसऱ्याला चाळीस पानांच्या जेवणाचा लाल भोपळा वसंताने त्याच विळीवर एकट्याने चिरला. विहीणबाई समोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या.