फेट्यावरचं हेल्मेट

आमच्या म्हाताऱ्यांना जिवापेक्षा मान प्यारा हाय बे, ऐका. ग्रामपंचायत अन् आमी पोरांनी मिळून गावात हेल्मेट फेरी काढली. पहिलं हेल्मेट माझ्या चुलत्याला, म्हणजे सरपंच तात्यांना घालायचं ठरलं, कारण ते गाडीवरून दोनदा डोक्यावर पडलेत. पण आधी सत्कार झाला, फेटे बांधले, अन् मग हेल्मेट काही डोक्यात जाईना.

मी म्हणलं, "तात्या, फेटा काढा."

"चारचौघांत फेटा उतरवू? कॉलेज सोडलेलं पोरगं मला शिकवतंय."

"तिसऱ्यांदा पडलात तर फेटा बांधायला डोकंच ऱ्हाणार न्हाई."

तात्यांनी जरा विचार केला अन् ग्रामसेवकाला सांगितलं, "पोरगं बरोबर बोलतंय. फेट्यावर बसंल असलं मोठं मागवा."