फ्रेश पैसे

तुम्ही हसाल, पण मला अजून हसू येत नाही. आमची रेवा तीन वर्षांची होत आली, तरी एक शब्द बोलत नाही. तिच्या थेरपीच्या दोन खेपांचे पैसे सुटतील म्हणून मी बँकेच्या बोनसच्या मागे लागले.

शेजारच्या सुजाताताई म्हणाल्या होत्या, "अगं, तुझ्याच बँकेत नवीन खातं उघडून पैसे ठेवलेस की दीडशे डॉलर देतात. आज शेवटचा दिवस आहे. फक्त पैसे फ्रेश पाहिजेत."

मी सातवी शिकलेली. फ्रेश म्हणजे कोरे, असंच मला वाटलं. इथे परदेशात चिनी नववर्षाला पाकिटातून भेट द्यायला सगळे कोऱ्या नोटांसाठी रांगा लावतातच ना! रेवाला कडेवर घेऊन आम्ही राहतो त्या टॅम्पिनीसच्या बँकेत गेले. घरभाड्याचे ठेवलेले सगळे पैसे काढले, कोऱ्याच नोटा मागून घेतल्या आणि लगेच त्याच काउंटरवर नव्या खात्यासाठी पुढे केल्या.

काउंटरवरची पोरगी बघतच राहिली. इथल्या लकबीप्रमाणे शेवटी 'लाह' जोडत म्हणाली, "आंटी, हे तर मीच आत्ता दिले लाह!"

"हो, पण बघा ना, एकाही नोटेला घडी नाही."

"फ्रेश म्हणजे दुसऱ्या बँकेतून आणलेले, आंटी."

दुसऱ्या बँकेत आमचं काय असणार! नोटा जुन्या खात्यात परत भरल्या. बाहेर आले तोच थेरपीवाल्या बाईंचा फोन. "उद्या आणताय ना रेवाला?"

कडेवर खेळणाऱ्या रेवाला सावरत मी म्हणाले, "तिला ताप आलाय."