झोपलेला चाफा

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्हाला डोळे मिटून बसवलं होतं. शेजारच्या खुर्चीत एक आई होती आणि तिच्या पलीकडे तिला घेऊन आलेला मुलगा.

“तुझ्या ताईकडे राहिले खरी, पण डोळे मिटले की मी आपली बागेतच. संध्याकाळी कुंड्यांवर चादरी घालतोस ना?”

“घालतो. गुलाबाला तर तुझी जुनी दुलई दिलीय. पाहुणे झोपल्यासारखे दिसतात सगळे.”

“ऊन आलं की उठवत जा. आणि पाणी बेतानं घाल. थंडीत झाडं पेंगत असतात, त्यांना सारखं काय पाजायचं?”

“बरं.”

“चाफ्याची पानं गळली असतील एव्हाना.”

“हं.”

“खाली पडलेली झाडून घेतोस ना?”

“आई, मला वाटलं तो वाळला. नुसते खराटे उरले होते. मी तोडला.”

“अरे, दर हिवाळ्यात असाच उघडा होतो तो. झोपला होता रे.”

“शेजारच्या काकू म्हणाल्या, पण तोवर तोडून झाला होता.”

“फांद्या कुठेत?”

“भिंतीपाशी. टाकवेनात.”

“मग राहू देत तिथेच. चाफ्याची फांदी आधी सुकू द्यायची. चीक वाळला, थंडी सरली की मातीत खोचायची. तुझ्या बाबांनी असाच तर लावला होता तो.”

“म्हणजे जगेल?”

“जगेल. पानं फुटली की सांग मला.”

“सांगायचं काय त्यात? तोवर तू घरी येशील, तुला दिसतीलच की.”

“तरी सांग. रंगासकट सांग.”