लिनक्सले किती जागा लागते

(अकोला, २००८. अजहरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.)

गोदाबाई : सारं चांगलं चालून राह्यलं, अजहर. पण याच्यातले आमचे बुवा कुठं गेले?

अजहर : कोण बुवा, काकू?

गोदाबाई : देवीदासबुवा. माहे मालक. त्याईचे कीर्तनं होते ना आत.

अजहर : तुमीच तर म्हटलं, व्हायरसनं भरला, आतून मोकळा करून दे.

गोदाबाई : व्हायरसपासून मोकळा कर म्हटलं, बापा. पोराचं नाक पूस म्हटलं तर कोणी नाक कापते का?

अजहर : मी विंडोज काढून लिनक्स टाकलं. फुकटचं असते, व्हायरस लागत नाही. त्यानं विचारलं, पुरी डिस्क घेऊ का? मी हो म्हटलं.

गोदाबाई : त्याले किती जागा लागते?

अजहर : चार जीबी. डिस्क वीसची आहे.

गोदाबाई : मंग बाकीची?

अजहर : तिथं त्यानं अजून काही लिहिलं नाही. तिथलं निघू शकते, माह्या डिस्कवर उतरवतो. पण चारच्या खाली जे दबलं, ते गेलं. अल्लाकसम काकू, मले मालूम असतं तर...

गोदाबाई : कसम नको खाऊ. काढ. बाहेर मैना उभी हाय, रामरावची बायको. बुवाईचं कीर्तन तर माह्या कानात हाय, पूर्वरंगापासून आरतीपर्यंत. मले आरतीनंतरचं पाहिजे.

अजहर : आरतीनंतर काय राह्यते?

गोदाबाई : बुक्का. दोन सालामागं गावोगाव कर्जापायी माणसं जीव देऊन राह्यले होते. तवा बुवा एकेकाच्या कपाळी बुक्का लावत अन् माईक त्याच्या तोंडाशी नेत. म्हणत, नाव सांग, अन् म्हण, उद्या भेटतो. म्हटल्याबिगर कपाळावरचा हात काढत नसत.

अजहर : अन् भेटत?

गोदाबाई : लय जण भेटले. रामराव नाही भेटला. मैना दर एकादशीले येते, त्याचा तेवढाच आवाज ऐकते अन् जाते. चहाले थांबत नाही.

अजहर : ...निघाल्या काही. पण फायलीले नावं नाहीत, नुसते आकडे. कोणती कोणाची, कसं समजावं?

गोदाबाई : लाव तू. ते आपलं नाव सोताच सांगतात.

आवाज : प्रल्हाद. उद्या भेटतो, बुवा.

गोदाबाई : हा हाय. परवा बाजारात भेटला, मिरच्या महाग म्हणून भांडून राह्यला होता. दुसरी लाव.

आवाज : जानराव... उद्या भेटतो.

गोदाबाई : हा नाही भेटला. पुढची.

आवाज : मी रामराव, बुवा. उद्या...

गोदाबाई : थांबवलं कावून?

अजहर : मी नाही थांबवलं, काकू. याच्या पुढं लिनक्स आहे.

गोदाबाई : पुन्यांदा लाव.

आवाज : मी रामराव, बुवा. उद्या...

अजहर : तिले काय सांगू आता?

गोदाबाई : काही सांगू नको. बोलाव. 'भेटतो' तिले पाठ हाय.