कील ढिली आहे

दादामियाँ : तुम्हाला पेशकारी मिळणार व्हती, मुनीमसाहेब. हैदराबादेचा पाहुणा साहेब तळ्यावर चार दिवस शिडाची नाव फिरवून खूश होऊन गेला, की जागीरदार तुम्हाला खुर्ची देणार. सगळ्या गावाला ठाऊक हाय. आता त्यात माझा काय फायदा व्हता ते सांगा. मग कसूर अंगावर घ्यायची का न्हाय ते बघू.

कल्याणप्पा : हळू बोला. दुपारी उमरग्याहून पोलिसांचा अमीन चौकशीला येतोय. त्याला एवढंच सांगायचं, मुनीमांनी नावेखालचा फाळ आवळायला सांगितला होता, माझ्याकडून राहून गेला. म्हातारा सुतार, विसरला म्हणून सोडून देतील. हवेलीचं सुतारकाम तुमच्याच घरात राहील.

दादामियाँ : फाळ? हा शब्द तुमच्या तोंडात आज आला. परवा काय म्हणाला व्हता?

कल्याणप्पा : साहेब म्हणाले तेच.

दादामियाँ : बोला की. लाजता कशाला?

कल्याणप्पा : 'कील ढीली है, सुतार को दिखाओ.'

दादामियाँ : आन् कील म्हंजे आमच्यात खिळा. नाव पाण्यात उभी. म्या आत बसून एकेक खिळा ठोकून बघितला. ढिला एकबी न्हाय. तरी साहेबाचा शब्द म्हणून सगळ्यांच्या डोक्यात हातोडी घातली.

कल्याणप्पा : मला तरी काय कल्पना! काल साहेब शेकोटीपाशी कुडकुडत सांगत होते, इंग्रजीत नावेखालच्या त्या लोखंडालाच कील म्हणतात. त्याच्या वजनावर नाव उभी राहते. ते निसटून तळ्यात गेलं, शिडात वारा भरला आणि नाव पालथी.

दादामियाँ : पालथी झाली, बुडाली न्हाय. सागवान व्हतं. तराफा पोचेस्तोवर साहेब तिच्या पाठीवर बसून राहिला. संगं गेलेल्या नावाड्याला, सोमलिंगला तिथं जागा नव्हती व्हय?

कल्याणप्पा : कोट भिजून जड झाला म्हणून त्यानंच साहेबांच्या अंगातून काढला, त्यांना वर ढकललं. मग दिसला नाही. शिडाच्या कापडाखाली अडकला असणार. जातीचा भोई, तळ्यातच वाढलेला. काय बोलायचं?

(सोमलिंगची बायको महादेवी दारात येऊन उभी राहते.)

महादेवी : चाचा, मुनीम इथं हायत म्हणून कळलं.

दादामियाँ : ये बेटी, बस.

महादेवी : बसत न्हाय. परवा सांजच्याला आमच्या ह्यांनी नावेखाली बुडी मारून हात लावून बघितला. फाळ दातावानी हालतोय म्हणाले. तसंच सांगाया मुनीमाकडं गेलते.

कल्याणप्पा : माझ्याकडं दिवसभर माणसं येतात, बाई. कुणाकुणाचं ध्यानात ठेवू?

महादेवी : तुमी म्हणला, सायबानं कील म्हटलंय, फाळ न्हाय, सायबापरीस तुला जास्त कळतं का? घरी येऊन त्यांनी तुमची नक्कल करून दाखवली. लई हसलो आमी.

दादामियाँ : ऐकलं, मुनीमसाहेब?

कल्याणप्पा : ती सुतकात आहे. अमीन तिला विचारणार नाही, तुम्हाला विचारणार. मी हात जोडतो, दादामियाँ.

दादामियाँ : हात खाली घ्या. म्या सांगणार, कील म्हणाले, खिळे ठोकले. फाळाचं सोमलिंग सांगून गेलता, ते त्याच्या बायकोला विचारा. बस, एवढंच.

कल्याणप्पा : मग हवेलीचं काम गेलं समजा.

दादामियाँ : समजलं. माझं काम गेलं, तुमची पेशकारी गेली, सोमलिंग जिवानिशी गेला. साहेबाचं काय गेलं?

कल्याणप्पा : कोट. विलायती कापडाचा होता. सकाळपासून दोनदा विचारलं त्यांनी.

महादेवी : गेला न्हाय. ह्यांना तळ्यातनं काढलं तवा मुठीत व्हता, त्यांच्यासंगंच वर आला. सायबाचा म्हणून सोडला नसंल. धुऊन दोरीवर टाकलाय. वाळला की घेऊन जावा.